गाण्यांची वहिवाट

१८९८ साली लंडनमध्ये लोकगीत-संस्था स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी तिच्या सभासदांपुढे सर ह्यूबर्ट पॅरी यांनी जे उद्घाटनपर भाषण केले, त्यात खेड्यापाड्यांतील जुन्या गाण्यांची स्तुती जितकी आहे तितकीच, किंबहुना त्याहून अधिक आवेशाची, एका शत्रूची निर्भर्त्सना आहे. हा शत्रू म्हणजे शहरातले लोकप्रिय गाणे. भरमसाट वाढलेल्या शहरांच्या कडेला जी तकलादू घरे उठतात, ज्या वस्त्यांत खोटे दागिने, हलके कपडे, गहाणवटीची दुकाने आणि झगमगणारे गुत्ते यांपलीकडे डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही, तेथील रहिवाशांसाठी बाजारात घडवलेले हे गाणे पॅरींना इतके हीन वाटले की, लोकसंगीताचा ऱ्हास थांबवायचा तर प्रथम या गाण्याचे उच्चाटन केले पाहिजे असा त्यांच्या प्रतिपादनाचा एकंदर रोख होता. पॅरी हे लहान गृहस्थ नव्हते. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे ते संचालक होते, आणि त्यांचे मत ही पुढील पिढीच्या संग्राहकांची जणू सनदच ठरली. चार वर्षांनी सेसिल शार्प सॉमरसेटमधील एका खेड्यात माळीकाम करणाऱ्या माणसाच्या तोंडचे गाणे ऐकून मोहित झाले आणि वही घेऊन इंग्लंडच्या ग्रामीण भागात हिंडू लागले. त्याच सुमारास लंडनच्या पूर्वेकडील आणि नदीपलीकडील वस्त्यांतून प्रत्येक शनिवारी रात्री लक्षावधी कंठ गात होते; परंतु ते गाणे टिपून घेण्याजोगे आहे असे या विद्वानांपैकी कोणाला वाटले नाही, कारण ते गाणे कोणी रचले, कितीला विकले आणि कोणत्या प्रकाशकाने छापले हे सर्वांना ठाऊक होते.

या नापसंतीच्या मुळाशी एक सिद्धान्त आहे. लोकांचे गाणे म्हणजे लोकांतून आपोआप उगवलेले, निनावी, मोल न घेतलेले गाणे. ज्याला कर्ता आहे, किंमत आहे आणि मुद्रणाधिकार आहे ते गाणे लोकांचे नव्हे, ते लोकांना विकलेले. सिद्धान्त दिसायला निर्मळ आहे, परंतु तो जन्मदाखल्यावर उभा आहे. आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारात कागदोपत्री मालकीखेरीज वहिवाट नावाची एक गोष्ट मानली जाते. वर्षानुवर्षे जो कसतो, वावरतो, राबता ठेवतो, त्याचा हक्क निव्वळ खरेदीखत दाखवून उडवून लावता येत नाही. गाण्याच्या बाबतीतही निर्णय वहिवाटीवरूनच केला पाहिजे असे माझे म्हणणे आहे, आणि लंडनच्या कॉक्नी गाण्यांइतके या म्हणण्याला बळकटी देणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ही गाणी पहिल्या दिवसापासून विक्रीचा माल होती. ती लोकांची झाली, ती लोकांनी ताब्यात घेतली म्हणून.

कॉक्नी कोणाला म्हणावे याची रूढ व्याख्या अशी की, चीपसाइडवरील सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या टापूत ज्याचा जन्म झाला तो. (१९४१ च्या मे महिन्यात बॉम्बवर्षावात त्या घंटा कोसळल्या आणि १९६१ पर्यंत पुन्हा वाजल्या नाहीत, व्याख्या काटेकोरपणे लावली तर मधल्या वीस वर्षांत एकही कॉक्नी जन्मास आला नाही असे मानावे लागेल, आणि व्याख्यांचे असेच होते.) व्यवहारात कॉक्नी म्हणजे लंडनचा कष्टकरी माणूस, आणि त्यातही त्याचा ठसठशीत नमुना म्हणजे हातगाडीवर किंवा गाढवाच्या गाडीवर भाजी, फळे, मासे घेऊन रस्तोरस्ती ओरडत फिरणारा विक्रेता, ज्याला तेथे कॉस्टर म्हणतात. हेन्री मेह्यू याने १८५१ मध्ये लंडनच्या श्रमिकांविषयी जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या विक्रेत्यांची संख्या त्याने ३०,००० च्या घरात धरली आहे. त्यांची भाषा निराळी, पोलिसांशी वैर पिढीजात, आणि मेह्यूच्या वर्णनाप्रमाणे करमणुकीची हौस मोठी. ज्या गायनगृहांची कथा येथे सांगावयाची आहे, त्यांच्या रंगमंचावरचा नायक पुढे हाच माणूस झाला.

ही गायनगृहे, म्हणजे म्युझिक हॉल, कायद्याच्या एका तरतुदीतून कशी निपजली हे पाहण्यासारखे आहे. १८४३ पूर्वी लंडनमध्ये गद्य नाटक करण्याचा इजारा ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन राजमान्य नाट्यगृहांकडे होता. त्या वर्षीच्या कायद्याने तो मोडला आणि लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या परवान्याने इतरांनाही नाटकाची मुभा मिळाली. मात्र व्यवहारात व्यवस्था अशी झाली की, ज्याला नाटक हवे त्याने दारू आणि तंबाखू प्रेक्षागृहाबाहेर ठेवावी, आणि ज्याला दारू-तंबाखू हवी त्याने नाटकाचा नाद सोडून मॅजिस्ट्रेटकडून केवळ गाण्या-बजावण्याचा परवाना घ्यावा. ज्या गुत्तेदारांनी दुसरा मार्ग पत्करला त्यांना संवाद म्हणता येईनात, कथानक रंगवता येईना. उरले ते गाणे. तेव्हा एका माणसाने एका गाण्यात, पात्राचा वेष चढवून, संबंध कथा सांगायची ही जी या परंपरेची खास रीत, ती कोणा प्रतिभावंताच्या प्रेरणेपेक्षा परवान्याच्या दोन कलमांमधल्या फटीतून जन्मली असे म्हणावयास हरकत नाही.

चार्ल्स मॉर्टन या गुत्तेदाराने १८५२ मध्ये टेम्स नदीच्या दक्षिणेस लॅम्बेथ भागात आपल्या कँटरबरी नावाच्या मद्यगृहामागे सभागृह बांधले, बायकांनाही आत घेतले, ऑपेरातले वेचे आणि विनोदी गाणी एकाच रात्री ऐकवली, आणि दोन वर्षांत जागा अपुरी पडून त्याला तेथे अधिक मोठे सभागृह उभारावे लागले. १८५९ मध्ये व्हाइटचॅपलच्या ग्रेसेस अ‍ॅली नावाच्या बोळात जॉन विल्टन याने बांधलेले सभागृह तर पिळदार लोखंडी खांबांसह आजही उभे आहे. या जागांची रचना नाट्यगृहासारखी नव्हती. एका टोकाला लहानसा रंगमंच, खाली टेबले, टेबलांभोवती जेवणारी-पिणारी माणसे, भोवती सज्जा, आणि रंगमंचाशेजारी लोकांकडे तोंड करून बसलेला अध्यक्ष, ज्याच्या हातात लाकडी हातोडी असे. तो गायकाची ओळख करून देई, मध्येच कोणी खवचट बोलला तर त्याला तितकेच खवचट उत्तर देई, आणि हातोडी आपटून सगळ्यांना पालुपदात ओढी. गायक एका रात्रीत तीन-चार सभागृहे करीत. एकीकडचे गाणे संपले की घोडागाडीत बसून दुसरीकडे.

या पालुपदाकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले आहे. कडव्यात गायक गोष्ट पुढे नेतो. पालुपद स्थिर, सोपे, बेताच्या स्वरांतले, एकदा ऐकले की तोंडात बसणारे. पहिल्या वेळी ते गायक म्हणतो, दुसऱ्या वेळी गायक आणि पुढल्या रांगा, तिसऱ्या वेळी गायक बहुधा हात हलवीत नुसता उभा असतो. परंतु हे घडेलच याची हमी कोणी देऊ शकत नसे. सज्ज्यातल्या लोकांनी पालुपद उचलले नाही तर ते गाणे आठवड्याभरात मरे, मग ते कोणी रचले असो आणि त्यावर कितीही पैसा खर्चला असो. त्या काळी हजारो गाणी रचली गेली आणि त्यांपैकी आज शंभर-दोनशेच आठवतात. ही निवड प्रकाशकांनी केली नाही, कारण त्यांनी तर सगळीच छापली होती. ग्रामीण गाणे पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी गाळले जाते म्हणून ते लोकांचे, असे शार्प म्हणत. येथे गाळणी तीच होती. फक्त तिला शंभर वर्षांऐवजी आठ दिवस लागत.

आता या गाण्यांचा व्यापारी जन्म मी लपवू इच्छीत नाही, उलट तो पुरता उघड करावा असेच मला वाटते. गीतकाराला एका गाण्याचे बहुधा गिनी-दोन गिनी मिळत, आणि मग ते गाणे गाण्याचा हक्क विकत घेणाऱ्या गायकाचा. जोसेफ टॅबरार नावाचा गीतकार आपण हजारो गाणी रचल्याचे सांगे, आणि त्या भावात पोट भरायचे तर हजारो रचणे भागच होते. याहून विलक्षण प्रकरण जॉर्ज लेबोर्नचे. हा मूळचा यंत्रकाम करणारा कारागीर. १८६६ च्या सुमारास त्याने उंची मद्य पिणाऱ्या छानछोकी तरुणाचे गाणे गाऊन लंडन वेडे केले. तेव्हा कँटरबरीच्या चालकाने त्याच्याशी असा करारनामा केला की, रंगमंचाबाहेरही, दिवसाढवळ्या, त्याने चार घोड्यांच्या गाडीतून थाटमाटात हिंडले पाहिजे. म्हणजे गाण्यातल्या पात्राने गायकाला नोकरीस ठेवले. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, हा मनुष्य निष्कांचन अवस्थेत मेला. ज्या कारकुनांनी आणि सुतारांनी शनिवारी रात्री त्याच्याबरोबर ते पालुपद म्हटले त्यांना उंची मद्य परवडत नव्हते, आणि परवडत नाही हे त्यांना चांगले कळत होते. गाण्यातली गंमत त्या कळण्यातच होती.

जन्मदाखल्याच्या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र अल्बर्ट शेव्हालिए आणि गस एलेन या दोघांच्या तुलनेत लागते. शेव्हालिए हा १८६१ साली नॉटिंग हिलमध्ये फ्रेंच बापाच्या पोटी जन्मलेला, सभ्य नाट्यगृहांत वाढलेला नट. १८९१ मध्ये तो लंडन पॅव्हिलियनमध्ये कॉस्टरच्या वेषात उभा राहिला आणि एका रात्रीत फेरीवाल्यांचा कवी ठरला. एलेन त्याच्याहून एका वर्षाने लहान, पिम्लिकोत जन्मलेला, सभागृहात येण्यापूर्वी रस्त्यावर गाऊन पैसे गोळा केलेला. शेव्हालिएचा कॉस्टर भावनाशील, डोळ्यांत पाणी आणणारा, म्हणूनच मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांतही त्याला मानाने बोलावणे येई. एलेनचा कॉस्टर करवादलेला, ओठ घट्ट मिटून बोलणारा, आपल्या दुःखाची दाद मागायला येणारा आणि दाद मिळणार नाही हे आधीच ओळखून असणारा. म्हातारपणी, १९३० नंतर, त्याची काही गाणी चित्रपटावर घेतली गेली; पट्ट्यापट्ट्यांची जर्सी, तिरकी टोपी, आणि विनोदाच्या ओळीवरही न हलणारा चेहरा त्यांत पाहायला मिळतो. माझी आवड विचाराल तर ती निःसंशय एलेनकडे आहे.

पण या आवडीवरून एलेन खरा आणि शेव्हालिए खोटा असा निवाडा देणे चुकीचे ठरेल. एलेनची उत्तमोत्तम गाणीही एलेनने रचलेली नाहीत. घरांच्या गर्दीवरचे त्याचे १८९४ चे प्रसिद्ध गाणे एडगर बेटमनने लिहिले आणि जॉर्ज ल ब्रन याने स्वरबद्ध केले, आणि हाच ल ब्रन मेरी लॉइड या गायिकेसाठीही चाली बांधत होता. उलट परक्या शेव्हालिएने, आपल्या भावाच्या चालीवर, जे म्हाताऱ्या बायकोविषयीचे गाणे १८९२ मध्ये गायले, ते ईस्ट एंडमधल्या, म्हणजे पूर्व लंडनमधल्या, घराघरांत लग्नाच्या वाढदिवसांना पुढे कित्येक दशके म्हटले जात राहिले. ते कोणी रचले याची पंचाईत तेथे कोणी केली नाही, आणि त्यांनी ती का करावी?

या गाण्याच्या सादरीकरणातली एक गोष्ट मात्र पुढे विसरली गेली. शेव्हालिए ते गाई तेव्हा त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर वर्कहाऊसचे प्रवेशद्वार रंगवलेले असे: १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने उभारलेली ती सरकारी निवासगृहे, जेथे निराधार होऊन आलेल्या नवराबायकोची दारातच ताटातूट होई, पुरुष एका दाराने आत जाई आणि बाई दुसऱ्या. चाळीस वर्षांच्या संसाराची गोड कृतज्ञता सांगणारे शब्द त्या दोन दारांसमोर उच्चारले जात होते. पडदा काढून घेतल्यावर गाण्याचा एकही शब्द बदलत नाही, तरी ते निराळे गाणे होते. ज्या श्रोत्याच्या स्वतःच्या आईबापांना त्या दारांतून जावे लागले असेल त्याला पडद्याची गरज नव्हती, आम्हांला आहे.

या परंपरेतल्या चांगल्या गाण्यांत हसण्याचे कारण आणि रडण्याचे कारण बहुधा एकच असते. बेटमनच्या त्या गाण्यात एक फेरीवाला आपल्या वीतभर परसाची शोभा सांगतो. गाडीवर न खपलेल्या भाज्यांनी त्याने तेथे शेतीचा देखावा मांडला आहे, आणि शिडीवर चढून दुर्बीण लावली तर दूरचे रान, कुरण, टेकड्या सगळे दिसेल असा त्याचा दावा आहे. आड येतात ती फक्त मधली घरे. पॅरींनी ज्या तकलादू घरांच्या वस्तीला नाके मुरडली तीच ही वस्ती. फरक इतकाच की, पॅरी तिच्याकडे बाहेरून पाहत होते आणि हा मनुष्य तिच्यातून बाहेर पाहण्याचा प्रयत्न करीत होता. गावाकडची कुरणे गेल्याचा विलाप करणारी शेकडो इंग्रजी गीते आहेत. पण ज्याच्या डोळ्यांसमोरून कुरण हिरावले गेले त्याच्याच तोंडून, स्वतःची थट्टा करीत, ती हानी इतकी नेमकी सांगणारे दुसरे गाणे मी तरी ऐकलेले नाही. मेरी लॉइडने १९१९ मध्ये गायलेले बिऱ्हाड हलवण्याचे गाणे तसेच. भाडे थकल्यामुळे एक कुटुंब घरमालकाच्या नकळत पोबारा करते. सामानाच्या गाडीबरोबर नवरा पुढे, मागून पिंजऱ्यातला पक्षी घेऊन बायको. वाटेत ती गुत्त्यात थांबते, गाडी चुकते, आणि नवे घर कोणते हेच तिला आठवत नाही. आज हे पालुपद इंग्लंडमधली शाळकरी मुलेसुद्धा म्हणतात. त्यात थकलेले भाडे आहे याचा पत्ता त्यांना नसतो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. गॅरेथ स्टेडमन जोन्स या इतिहासकाराने १९७४ मध्ये असे प्रतिपादले की, कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा पराभव झाल्यानंतर लंडनच्या कामगाराने राजकारणाचा मार्ग सोडला आणि गुत्ता, शर्यत, गायनगृह यांत आपला निवारा शोधला. त्याची गाणी वर्गभेदाला दैवगती मानून त्यातल्या त्यात समाधान शोधतात, ती सांत्वनाची संस्कृती आहे. एलेनचे गाणे ऐकताना या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. गाण्यातला फेरीवाला घरे पाडायला निघत नाही, शिडी लावतो. परंतु सांत्वन आणि शरणागती या दोन गोष्टी एक नव्हेत. १८८८ मध्ये बो येथील काडेपेट्यांच्या कारखान्यातल्या ज्या मुली संपावर गेल्या, १८८९ मध्ये तासाला सहा पेन्स मजुरी मागत ज्या गोदी कामगारांनी लंडनचे बंदर बंद पाडले आणि वाजतगाजत सिटीतून मिरवणुका काढल्या, ती माणसे कोठल्या निराळ्या नगरात राहत नव्हती. शनिवारी रात्री पालुपद म्हणणारी तीच. विल्टनचे सभागृह तोवर मेथडिस्ट मिशनच्या ताब्यात गेले होते, आणि त्या संपात गोदी कामगारांच्या उपाशी कुटुंबांना जेवण मिळाले ते त्याच जुन्या वास्तूत. आठशे-हजार अनोळखी माणसांनी एका श्वासात एक ओळ उचलायची सवय संपाला निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. १८७८ मध्ये रशियाशी युद्धाची भाषा चालू असताना मॅकडरमॉट नावाच्या धिप्पाड गायकाने लढाईखोर देशाभिमानाचे जे गाणे गाजवले, त्याने त्या वृत्तीला इंग्रजी भाषेत कायमचे नाव दिले. आणि बोअर युद्ध चालू असतानाच जे. ए. हॉब्सन या लेखकाने १९०१ मध्ये असा निष्कर्ष काढला की, चर्च, शाळा, राजकीय सभा आणि वृत्तपत्रे यांपेक्षाही गायनगृह हे जनमनावर अधिक प्रभावी संस्कार करणारे स्थान झाले आहे, आणि तो संस्कार विषारी आहे. मुंबईत जन्मलेला किपलिंग १८८९ मध्ये लंडनला परतल्यावर व्हिलिअर्स स्ट्रीटवर एका गायनगृहासमोरच राहिला, आणि त्याच्या सैनिकी गीतांची लय त्या रस्त्याच्या पलीकडून आलेली आहे. ज्या गोऱ्या शिपायांना तो बोलका करीत होता, ते नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिने काढीत. त्यांच्या तोंडी कोणती गाणी असतील हे सांगायला नको. साम्राज्याचा उद्घोष, काळा रंग फासून केलेली निग्रोंची नक्कल, बायकोला झोडपण्याचे विनोद, हे सारे त्या रंगमंचावर होते, आणि लोकांनी ते पालुपदही उचलले होते. वहिवाटीने मिळालेली जमीन सुपीकच असते असा माझा दावा नाही. ती त्यांची होती एवढाच आहे. तथापि हेही नोंदवले पाहिजे की, मॅकडरमॉटचे गाणे गाजताच हर्बर्ट कॅम्बेलने त्याच चालीवर, आपल्याला मुळीच लढायचे नाही असे सांगणाऱ्या भित्र्या माणसाचे विडंबन गायले, आणि तेही गाजले.

गायनगृहे लोकांच्या हातून कशी निसटली, हा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्याचा दोष सामान्यतः सिनेमावर ढकलला जातो आणि तो अर्धसत्य आहे. १८७८ च्या कायद्याने आगीपासून सुरक्षिततेच्या नव्या अटी घातल्या. त्या रास्त होत्या, पण त्यांचा खर्च न झेपल्याने अनेक लहान सभागृहे बंद पडली. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिल आले आणि परवाने त्याच्या समितीकडे गेले. समितीचे निरीक्षक सभागृहांतून बसून शब्दांची आणि डोळे मिचकावण्याची टिपणे करू लागले. मेरी लॉइडविषयी अशी आख्यायिका आहे की, तिने समितीपुढे आपली गाणी अगदी निरागसपणे म्हटली, आणि मग टेनिसनचे एक प्रतिष्ठित गीत अशा नजरेने म्हटले की सभासद लाजले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला कायद्याचा मुद्दा बिनतोड आहे: शब्दांवर बंदी घालता येते, पण श्रोत्याला जे आधीच ठाऊक आहे त्यावर घालता येत नाही. याच सुमारास मॉस, स्टोल यांसारख्या धनिकांनी सभागृहांच्या साखळ्या उभ्या केल्या. टेबले गेली, एका दिशेला तोंड केलेल्या खुर्च्यांच्या रांगा आल्या, अध्यक्ष आणि त्याची हातोडी नाहीशी झाली, मद्य प्रेक्षागृहाबाहेर गेले, आणि रात्रीतून दोन खेळ बसवायचे म्हणून गाण्याला मिनिटांचे माप लागले. १९०४ मध्ये स्टोलने उघडलेले कोलिझियम हे या नव्या अमदानीचे शिखर. १९०७ च्या जानेवारीत कलावंतांनी संप केला. ज्यांना आठवड्याला शेकडो पौंड मिळत त्या मेरी लॉइडसारख्यांनी त्यात दुबळ्या सहकाऱ्यांची बाजू घेतली. पुढे १९१२ मध्ये राजा-राणीसमोर पहिला खास खेळ झाला तेव्हा तिला निमंत्रण नव्हते.

तिच्या मृत्यूनंतर, १९२२ च्या अखेरीस, टी. एस. एलियटने लिहिलेला लेख सुविख्यात आहे. सज्ज्यात बसून पालुपद म्हणणारा कामगार हा खेळाचा काही भाग स्वतःच करीत होता, आणि सिनेमाच्या अंधारात तो निष्क्रिय होईल, ही त्याची भीती मोठ्या कवीला शोभेशी आहे. परंतु एलियटने ज्या सहकार्याचा शोक केला त्याचा पाया सिनेमा येण्यापूर्वीच उखडला गेला होता. तो खुर्च्यांनी उखडला. तरीही लोक गात राहिले. सभागृहात जमेना तेव्हा गुत्त्यातल्या पियानोभोवती, केंटमध्ये हॉप तोडायला गेल्यावर रात्रीच्या शेकोटीभोवती, सहलीच्या मोटारीत, आणि १९४० च्या हिवाळ्यात भुयारी रेल्वेच्या फलाटांवर. सभागृहे मेली आणि गाणी जगली, याचा अर्थ गाणी सभागृहांची कधीच नव्हती.

वहिवाटीचा निकष स्वीकारला की काही अप्रिय निष्कर्षही स्वीकारावे लागतात. १९३७ च्या एका संगीतिकेतले लॅम्बेथच्या चालीवरचे नृत्यगीत नोएल गे या यॉर्कशायरमधल्या संगीतकाराने रचले. तो चर्चच्या ऑर्गनवर तयार झालेला, लॅम्बेथशी त्याचा जन्माचा संबंध नाही. पण लंडनभर लोक ते नाचले, तेव्हा ते लंडनचे. उलट बी.बी.सी.ने १९५३ पासून तीस वर्षे जुन्या गायनगृहाचा जो कार्यक्रम दाखवला, ज्यात प्रेक्षक एडवर्डकालीन टोप्या आणि झगे घालून बसत आणि शब्दबंबाळ अध्यक्ष हातोडी आपटी, त्यात गाणी अस्सल, पालुपदे अस्सल, तरी मला त्यात वहिवाट दिसत नाही. तो खेळ लंडनमध्ये नव्हे, लीड्समध्ये भरे, हे त्याचे कारण नव्हे. कारण असे की, तेथे लोक आपल्या आजोबांचे सोंग घेऊन गात होते. ज्याला स्वतःच्या थकलेल्या भाड्याची आठवण आहे तो ते गाणे म्हणण्यासाठी वेष बदलत नाही.

आणि ज्या फुटबॉल संघाला ईस्ट एंड आपला म्हणते त्या वेस्ट हॅमच्या समर्थकांनी १९२० च्या दशकापासून जे गाणे आपले मानले आहे, ते साबणाच्या बुडबुड्यांविषयीचे संथ वॉल्ट्झ, १९१८ साली अमेरिकेत रचलेले आहे. पॅरींच्या कायद्याने तो गुन्हा ठरेल. त्याच कायद्याने, आपण लंडनचे म्हणून लंडनवर प्रेम करतो असे सांगणारे १९४७ चे गाणे गाण्याचा अधिकार बड फ्लॅनागनलाही पोचला नसता. त्याचे खरे नाव वाइनट्रॉप, आईबाप पोलंडमधून आलेले ज्यू, जन्म व्हाइटचॅपलचा. आज त्याच व्हाइटचॅपलच्या रस्त्यांवर सिलहटमधून आलेल्या कुटुंबांची नातवंडे वाढत आहेत, आणि त्यांच्यापैकी जो कोणी सामन्याच्या दिवशी त्या गर्दीत उभा राहून बुडबुड्यांचे पालुपद उचलील, त्याच्याकडे जन्मदाखला मागण्याचा अधिकार लोकगीत-संस्थेला नाही.